कारवीची भावकी

मरोळहून मरोशीच्या रस्त्याने उत्तरेस निघालेला मनुष्य आरे दुग्धवसाहतीच्या हद्दीत शिरला, की कारखान्यांचा आणि वाहनांचा कोलाहल हळूहळू मागे पडतो आणि विहार तलावापलीकडील डोंगरांची ओळ दृष्टिपथात येऊ लागते. या डोंगरांच्या उतारांवर, म्हणजे आज ज्या मुलखास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे म्हणतात त्याच्या शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांच्या विस्तारात, कान्हेरीच्या लेण्यांभोवती आणि ठाण्याच्या बाजूस येऊरच्या रानात, एक झुडूप इतक्या दाटीने वाढते की पावसाळ्यात त्यातून वाट काढताना दहा पावलांपलीकडचा सोबती दिसेनासा व्हावा. हे झुडूप म्हणजे कारवी. सन २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षांच्या श्रावण-भाद्रपदात तिला जो बहर आला तो पाहण्यासाठी पुष्कळ मुंबईकर डोंगर चढून गेले, वृत्तपत्रांनी निळ्या-जांभळ्या उतारांची छायाचित्रे छापली, आणि फुले गळून पडताच कारवी पुन्हा विस्मरणात गेली. मधल्या वर्षांत तिची विचारपूस करणारे फार थोडे. प्रस्तुत पुस्तिका मुख्यत्वे त्या मधल्या वर्षांसाठी लिहिलेली आहे. वनस्पतीचे वर्गीकरण फुलापासून सुरू होते हे शास्त्राच्या दृष्टीने खरे असले, तरी तिची ओळख पानापासून, काडीपासून, पेरापासून सुरू झाली पाहिजे असे माझे मत आहे. आणि ज्या प्रजातीच्या अनेक जाती वर्षानुवर्षे फुलाविना राहतात, तिच्या बाबतीत तर रानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची ती व्यावहारिक गरजच होय.

कारवी सात वर्षांनी फुलते की आठ, असा वाद नेहमी ऐकू येतो, त्याचा निकाल येथेच लावून टाकतो. साष्टीच्या या डोंगरांत दोन बहरांच्या दरम्यान सात वर्षे फुलाविना जातात आणि आठव्या वर्षी बहर येतो. मोजणारा कोणते वर्ष धरतो आणि कोणते सोडतो एवढाच काय तो फरक. सह्याद्रीच्या इतर भागांत मात्र बहराचे साल निराळे असू शकते, आणि एका डोंगराचा हिशेब दुसऱ्या डोंगरास लावू पाहणाऱ्याची निराशा होते.

कारवीच्या घराण्याकडे वळण्यापूर्वी तिचे कुल पाहू. वनस्पतिशास्त्रात त्यास अ‍ॅकँथेसी असे म्हणतात आणि मराठी ग्रंथकारांनी त्यास वासक कुल हे समर्पक नाव दिलेले आहे; कारण वासक म्हणजे आपला अडुळसा या कुलातील अत्यंत परिचित सदस्य होय. मरोळच्या जुन्या गावठाणातील एखाद्या घराचे आवार नजरेखालून घातले, तरी या कुलाचे निम्मेअधिक लक्षण ध्यानात येते. खोकल्यावरच्या काढ्यासाठी कुंपणाला लावलेला अडुळसा, गजऱ्यासाठी जोपासलेली अबोली, काटेरी पिवळी कोरांटी, आणि पाणथळ जागी आपोआप उगवणारा तालीमखाना, ही सारी एकाच कुलातील मंडळी. पाने समोरासमोर, जोडीजोडीने. पेरे बहुधा किंचित फुगीर. फुलास वर-खाली ओठ किंवा पाच पाकळ्यांचे विभाग असलेला नळीसारखा पुष्पमुकुट. फुलाच्या तळाशी लहानमोठे छद. आणि फळ म्हणजे दोन शकलांत उभे फुटणारे बोंड. या बोंडात प्रत्येक बीखाली एक कणखर, वाकडा आकडा असतो आणि बोंड फुटताना तो आकडा बीला दूर भिरकावून देतो. मुंबईच्या मोकळ्या जागांत माजलेले, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेले रुएलियाचे जांभळे तण याच कुलातले. त्याच्या सुकलेल्या शेंगा पाण्यात टाकून त्या फट्‍दिशी फुटताना पाहण्याचा खेळ ज्यांनी बालपणी खेळला आहे, त्यांना वासक कुलाचे हे मर्म पुस्तकाविना ठाऊक आहे.

या कुलातील एका मोठ्या प्रजातीचे नाव स्ट्रोबिलँथिस. कार्ल ब्लूम या जावा बेटावर काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२६ साली ती स्थापन केली. एकावर एक चढलेल्या छदांमुळे तिच्या अनेक जातींचा फुलोरा चीड वृक्षाच्या शंकूसारखा दिसतो, आणि नावाचा उगम तोच आहे. आज या प्रजातीत साडेतीनशेहून अधिक जाती धरल्या जातात. त्यांचा विस्तार भारत-श्रीलंकेपासून हिमालय, ब्रह्मदेश, चीन, जपानच्या दक्षिणेकडील बेटे आणि मलाया द्वीपसमूहापर्यंत आहे. त्यांत माणसाच्या दुप्पट उंचीची झुडपे आहेत, तशाच जमिनीलगत पसरणाऱ्या औषधीवजा वनस्पतीही आहेत. आसामात आणि चीनमध्ये जिच्या पानांपासून निळा रंग काढीत आले ती कुशिया ही जाती, निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांत बारा वर्षांनी फुलणारी, २००६ आणि २०१८ साली बहरलेली नीलकुरिंजी, आणि सदनिकेच्या सज्जातील कुंडीत धातूसारख्या चकाकीच्या जांभळट पानांसाठी लावलेली, पूर्वी हेमिग्राफिस या नावाने विकली जाणारी लहानशी वेलवजा वनस्पती, ही सर्व कारवीची सख्खी-चुलत भावंडे होत. हे नाते कळल्यानंतर मरोळच्या चौथ्या मजल्यावरील कुंडीकडेही माणूस निराळ्या आदराने पाहतो.

कारवीस शास्त्रीय नाव मिळाले ते १८३२ साली. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख वॉलिच यांच्या भव्य ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात जर्मन पंडित नेस फॉन एझेनबेक याने भारतातील वासक कुलाची पाहणी मांडली आणि त्यात या झुडपास ‘कॅलोसा’ म्हणजे घट्टे पडलेली असे विशेषण दिले. नेसपुढे होते ते वाळवून दाबलेले नमुने. तरीही त्याने नावासाठी फुलाचा डौल न निवडता खोडावरील खरबरीत गाठी निवडल्या, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे या विषयावर ज्यांनी लिहिले त्यांतील पुष्कळांनी फुलापुढे काडीकडे पाहिले नाही.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या नोंदी ज्यांनी केल्या त्या मंडळींचे हुद्दे पाहिले की मन थक्क होते. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई व आसपासच्या वनस्पतींच्या पहिल्या यादीचा कर्ता जॉन ग्रॅहम हा टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी होता. ग्रंथ छापून होत असतानाच खंडाळ्याच्या मुक्कामी त्याचे निधन झाले आणि उरलेले काम त्याचा स्नेही निम्मो याने पुरे केले. १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथाच्या दोन कर्त्यांपैकी डाल्झेल हा जकातीच्या खात्यातून जंगलखात्यात आलेला, तर गिब्सन हा मुळात शस्त्रवैद्य. दापोडीच्या सरकारी बागेचा कारभार त्याने पाहिला आणि १८४७ पासून इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून काम केले. थिओडोर कुक हा तर स्थापत्यविशारद, वसईच्या खाडीवरील रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या कामावर राबलेला आणि नंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य झालेला. त्याच कुकने निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्यावाचून आजही कोणाचे पान हलत नाही. या सर्वांनी कचेरीची कामे उरकून, फिरतीच्या मुक्कामांत, पावसाळ्यात कुजणाऱ्या कागदांशी झगडत हे नमुने जमविले. सावंतवाडीच्या मुलखातून डाल्झेलने वर्णिलेल्या एका जातीस त्या संस्थानाचे नाव आहे, आणि तिचा उल्लेख करताना प्रत्येक वेळी त्या जकात अधिकाऱ्याची दृष्टी किती सूक्ष्म होती याची आठवण होते.

तथापि कारवीच्या घराण्याचा मुंबईतील खरा अभ्यासक म्हणून मी फादर सांतापाव यांचे नाव घेईन. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि स्विस धर्मगुरू ब्लॅटर यांच्या नावाने चालत आलेल्या तेथील वनस्पतिसंग्रहाची जोपासना त्यांनी केली. पुढे ते भारतीय नागरिक झाले आणि १९६१ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक. मुंबईच्या वासक कुलावरील त्यांचा प्रबंध पन्नासच्या दशकाच्या आरंभी विद्यापीठाने प्रसिद्ध केला आणि १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आला. त्यांचे लेखन वाचताना जाणवते ते हे की या गृहस्थांनी एकाच डोंगराकडे वर्षामागून वर्षे, फूल असो वा नसो, जाण्याचा नेम धरला होता. कारवीच्या एकाच वेळी येणाऱ्या बहराविषयी त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले ते अशा पायपिटीच्या बळावर.

आता मूळ अडचणीकडे येऊ. वनस्पतीची जात ठरवायची तर फुलाचे भाग पाहावे लागतात: संवर्ताचे विभाग किती आणि कसे, केसरदले दोन की चार, पुष्पमुकुटाच्या नळीत आतून केस कोठे, परागकणांवरील नक्षी कोणती, बोंडात बिया किती आणि बियांवर लव आहे की नाही. स्ट्रोबिलँथिसचे एक मोठे लक्षण तर डोळ्यांस सहज दिसणारे नाही. कारवीच्या झुडपाखाली गळून पडलेले ताजे फूल उचलावे, नखाने त्याची नळी लांबीच्या दिशेने चिरावी आणि भिंगाखाली धरावी, म्हणजे आतल्या बाजूस केसांच्या दोन ओळी उभ्या दिसतात. किंजल त्या दोन ओळींच्या मधोमध, जणू मार्ग आखून दिल्याप्रमाणे, नळीला चिकटून पुढे जातो. फूल हाती असले की प्रजातीची रुजुवात दोन मिनिटांत होते. परंतु फूल नसेल तर? संग्रहालयात फुलाविना आलेला नमुना बहुधा अनामिक राहतो. संग्राहकही तो घेण्याचे टाळतो. आणि त्यामुळे ज्या वनस्पती आठ वर्षांतून एकदा, बारा वर्षांतून एकदा फुलतात त्यांची दफ्तरी नोंद बहराच्या वर्षांभोवतीच गोळा होते. मधल्या काळात ती वनस्पती डोंगरावर उभीच असते, पण शास्त्राच्या वहीत तिचा दाखला मिळत नाही.

ज्यांनी ती फुलाविना ओळखली ते लोक याच डोंगरांत राहतात. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील वारली, मल्हार कोळी, कोकणा आणि कातकरी यांच्या पाड्यांवर जुन्या पद्धतीचे जे घर अजून क्वचित आढळते, त्याची भिंत म्हणजे कारवीचा कुड. सरळ, बोटाच्या किंवा त्याहून अधिक जाडीच्या काड्या एकीशेजारी एक उभ्या लावायच्या, आडव्या काड्यांनी बांधून काढायच्या आणि दोन्ही अंगांनी माती व शेण लिंपायचे. वारल्यांची पांढरी चित्रे ज्या भिंतींवर जन्मली त्या अशा भिंती होत. पावसाने जेथे लिंपण ढासळलेले असते तेथे उघड्या पडलेल्या काडीवरून एकदा बोट फिरवून पाहावे. सालीवरचे ते बारीक, कठीण उंचवटे बोटास लागतात, पेरांच्या जागी काडी थोडी फुगलेली असते, आणि कोवळ्या काडीचे अंग कोनयुक्त असते. पान नाही, फूल नाही, झाड मरून कित्येक वर्षे लोटलेली, आणि तरीही जात निःसंशय सांगता येते! ज्या घरातील माणसाने ही काडी रानातून निवडून आणली त्याने तिच्याशेजारी उभी असलेली दुसरी काडी कोणत्या कारणाने टाकून दिली, हे आपण त्याला विचारले पाहिजे. निम्मे वर्गीकरण त्या उत्तरात सापडते. पुस्तिकेतील पहिले प्रकरण मी खोडांवर लिहिले ते याच कारणाने.

पानांचा तपशील त्यानंतर. कारवीचे पान वीतभर किंवा त्याहून लांब, दोन्ही टोकांस निमुळते, कडेस बोथट दाते असलेले आणि स्पर्शास खरखरीत असते. बाजूच्या शिरा पुष्कळ, एकमेकींस समांतर आणि कडेकडे वळत गेलेल्या. पान वाळले की त्याच्या वरच्या पृष्ठभागावर असंख्य आखूड, पांढरट रेघा उमटतात. ताज्या पानात त्या सहज दिसत नाहीत, पण महिनाभर वहीत दाबलेल्या पानावर साधे भिंग धरताच स्पष्ट होतात. या रेघा म्हणजे पेशींत साठलेले चुन्याचे खडे. वासक कुलातील पुष्कळ वनस्पतींत ते असतात, त्यामुळे त्यांच्या योगे कारवी आणि तिच्या भावंडांत भेद करता येत नाही. परंतु समोरासमोर पानांचे एखादे अनोळखी झुडूप या कुलातले आहे की नाही, या पहिल्या प्रश्नाचा निकाल त्या लावतात. काही जातींत पानांच्या जोडीतील एक पान मोठे आणि दुसरे बरेच लहान असते. फुलाविना ओळखताना ही विषमता मोलाची ठरते, आणि छायाचित्र काढणाऱ्याने फक्त मोठे पान टिपले तर तो पुरावाच नाहीसा होतो.

महाराष्ट्रात या प्रजातीच्या जाती मोजक्याच आहेत, पण त्यांचे स्वभाव भिन्न. वायटी ही कारवीहून लहान, सावलीच्या दाट रानात राहणारी. तिचे फुलोऱ्याचे बोंडुक हातास चिकटते आणि त्याचा वास बोटांवर बराच वेळ रेंगाळतो. हिवाळ्याच्या दिवसांत ती फिकट फुले धरते, म्हणजे कारवीच्या बहरानंतर सह्याद्रीत जाणाऱ्यास ती भेटते. आकरा हे नाव लोक एकाहून अधिक जातींस देतात. त्यांपैकी महाबळेश्वर-कासच्या उंचीवर खडकांच्या कडेने वाढणाऱ्या जातीच्या पानावर शिरांचे जाळे इतके उठावदार असते की पान सुरकुतल्यासारखे वाटते, आणि शास्त्रज्ञांनी नाव देताना त्या जाळ्याचाच आधार घेतला. कासच्या पठारावर, जे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले, टोपली कारवी असते. ती गुडघ्या-मांडीपर्यंत उंचीची आणि गोल, ठुसक्या बांध्याची. तिच्या पानांस देठ जवळजवळ नसतोच. ती सात वर्षांच्या अंतराने फुलते असे तेथील लोक सांगतात. तीन-चार मीटर उंच, पावसाळा सरताच पाने झाडून वाळक्या काड्यांसारखी उभी राहणारी डोंगरउतारावरची कारवी आणि वाऱ्याला अंग न देता जमिनीलगत बसणारी ही पठारावरची कारवी एका नावात नांदतात. नवशिक्या मनुष्याचा घोटाळा होतो तो येथेच. दोन्हींत फरक दाखवणारी चित्रे पुस्तिकेत सविस्तर दिली आहेत, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

आता नावांच्या प्रश्नाकडे, कारण या प्रजातीच्या इतिहासातील सर्वांत मोठा तंटा तोच आहे आणि तो समजल्याशिवाय कोणताही ग्रंथ वाचताना वाचक गोंधळून जाईल. १९४४ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, ब्रेमेकांप या डच पंडिताने स्ट्रोबिलँथिसच्या अवाढव्य प्रजातीची फोड केली आणि तिच्या व तिच्या सोयऱ्यांच्या पन्नासहून अधिक निराळ्या प्रजाती केल्या. मोठ्या एकत्र कुटुंबाची जमीन भावाभावांत वाटली जावी आणि प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र खाते उघडावे, तसाच हा प्रकार झाला. आपली कारवी ‘कार्व्हिया’ या नव्या प्रजातीची एकटी धनीण बनली. हे प्रजातिनाम आपल्याच बोलीतून घेतलेले आहे. वायटी ‘थेलिपेपाले’त गेली, टोपली कारवी ‘प्लिओकॉलस’मध्ये, आकरा ‘निलगिरिअँथस’मध्ये. पुढे १९७० साली सह्याद्रीतील आणखी एका जातीसाठी ‘सुपुष्पा’ ही संस्कृत नावाची प्रजातीही निर्माण झाली. भारतातील पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वाटण्या मान्य केल्या, आणि त्यामुळे गेल्या पाऊणशे वर्षांतील अनेक मराठी-इंग्रजी पुस्तकांत कारवी कार्व्हिया कॅलोसा या नावाने वावरते.

दुसऱ्या बाजूस अशी शंका होतीच की या हद्दी निसर्गाने आखलेल्या आहेत की अभ्यासकाच्या मेजावर. ब्रेमेकांपचा भर परागकण, बिया आणि फुलोऱ्याची रचना यांवर होता. या प्रजातीचे परागकण आकाराने व नक्षीने आश्चर्यकारक विविधता दाखवतात, त्यामुळे त्यांवरून प्रजाती पाडण्याचा मोह कोणासही झाला असता. पण इंग्लंडमधील स्कॉटलंड, कॅराइन आदी संशोधकांनी दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील जातींचा नव्याने अभ्यास केला, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुकांतील साखळ्यांची तुलना बाह्यलक्षणांशी करून पाहिली, तेव्हा असे दिसून आले की ब्रेमेकांपच्या बहुतेक प्रजाती एका पूर्वजापासून उतरलेले स्वतंत्र गट म्हणून टिकत नाहीत. एका लक्षणावरून जवळ ठेवलेल्या जाती दुसरीकडे निघाल्या, दूर ठेवलेल्या शेजारी आल्या. परिणामी मोठी, एकत्र स्ट्रोबिलँथिस पुन्हा प्रस्थापित झाली आणि सज्जातील कुंडीतले हेमिग्राफिसही तिच्यात सामावले गेले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या द्वीपकल्पीय भारतातील जातींच्या ग्रंथातही, त्याचे कर्ते पी. वेणू यांनी एकत्र प्रजातीचेच नाव धरले आहे.

मी या तंट्यात एकत्र कुटुंबाच्या बाजूने आहे, आणि या पुस्तिकेत सर्वत्र स्ट्रोबिलँथिस हेच नाव वापरले आहे. परंतु ब्रेमेकांपची मेहनत व्यर्थ गेली असे म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. त्याने पाहिलेली लक्षणे खरी होती. बी पाण्यात पडताच अंगावरची लव फुलून बुळबुळीत होते की नाही, यासारखे बारकावे त्याच्यानंतर कोणास दुर्लक्षिता आले नाहीत. चुकला असेल तर तो त्या लक्षणांना किती वजन द्यावे या हिशेबात. जातींची वर्णने आजही त्याच्या शब्दांवाचून लिहिता येत नाहीत. म्हणून प्रत्येक जातीखाली तिचे ब्रेमेकांपीय नावही दिले आहे, जेणेकरून जुन्या संग्रहातील चिठ्ठी वाचणाऱ्यास फेरफाराची साखळी जुळवता यावी. आणखी एक खुलासा: कुकच्या ग्रंथात नाव ‘कॅलोसस’ असे पुल्लिंगी रूपात आहे, तर हल्ली ‘कॅलोसा’ असे स्त्रीलिंगी लिहितात, कारण अशा शेवटाची प्रजातिनामे स्त्रीलिंगी समजावीत असे नामकरणाच्या संहितेने ठरवले आहे. वनस्पती एकच.

कारवीची बहुवर्षांनी एकदाच फुलून मरण्याची रीत कशासाठी, असे प्रत्येक श्रोता विचारतो. बांबूंच्या बाबतीत १९७६ साली डॅनियल जॅन्झेन याने जो विचार मांडला तो असा, की अनेक वर्षे काहीही न देता एकाच वर्षी बियांचा पूर आणल्यास बिया खाणाऱ्या प्राण्यांनी कितीही खाल्ले तरी ते तृप्त होतात आणि उरलेल्या बिया रुजण्यास शिल्लक राहतात. कारवीस हा विचार लागू पडेल असे मानण्यास जागा आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत आग्या मोहोळाच्या माश्या आणि भुंगे त्या उतारांवर इतके येतात की त्यांच्या गुंजारवाने दरी भरून जाते, आणि त्या वर्षीचा दाट, काळसर मध रानातले लोक वेगळा ओळखतात. बहर ओसरला की झुडूप वाळू लागते. बोंडे मात्र लगेच बी सोडत नाहीत. ती वाळक्या काड्यांवर उन्हाळाभर तग धरतात, आणि पुढल्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की उतारावर चहूकडून तडतड असा आवाज सुरू होतो. मृगाच्या सरीत तो आवाज ज्याने ऐकला त्याला बोंडातील आकड्याचे कार्य समजावून सांगावे लागत नाही. त्या पावसात रुजलेली रोपे सर्व एकाच वयाची असतात, आणि पुढच्या बहराचा कालगणक तेथून चालू होतो. साष्टीत तो बहर २०३२ साली अपेक्षित आहे.

परंतु या कालगणनेलाही अपवाद आहेत, आणि माझ्या दृष्टीने अभ्यासाचे सर्वांत मोठे क्षेत्र तेच. बहराच्या आदल्या वर्षी किंवा नंतरच्या वर्षी एखाद-दुसरे झुडूप, क्वचित एखादा संपूर्ण उताराचा तुकडा फुलतो. अशी झुडपे उशिरा रुजलेल्या बियांची आहेत, की कापणीनंतर बुडख्यापासून पुन्हा फुटलेली, की निराळ्याच वंशाची, हे स्थळ-काळाच्या नोंदींवाचून ठरणार नाही. संग्रहालयातील एका नमुन्याहून रानातील दहा नोंदी येथे अधिक उपयोगी पडतील, आणि अशा नोंदी करण्यास पदवी लागत नाही. मरोळ, भांडुप, मुलुंड, येऊर, बोरिवली येथे राहणारी, रविवारी डोंगरात जाणारी माणसे हे काम सहज करू शकतील.

त्यांच्यासाठी एक सूचना करून थांबतो. राष्ट्रीय उद्यानात जंगलखात्याच्या लेखी परवानगीवाचून डहाळीही मोडणे गुन्हा आहे, आणि तसे करण्याची गरजही नाही. उभ्या झुडपाची छायाचित्रे घ्यावीत, पण फुलावर न थांबता पेराची एक जवळून, पानांच्या जोडीची एक, पानाच्या खालच्या बाजूची एक, आणि सालीची एक अशी घ्यावीत. छायाचित्रात मोजपट्टी किंवा एखादे नाणे ठेवावे. आणि तारीख, ओढ्याचे अथवा टेकडीचे स्थानिक नाव, उताराची दिशा, व शेजारच्या पाड्यावरील लोक त्या झुडपास काय म्हणतात ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. फूल नसलेल्या दिवशीची नोंद असेल तर ‘फूल नाही’ असे स्पष्ट लिहावे. ते दोन शब्द नसले, तर पुढल्या अभ्यासकास झुडूप फुलाविना होते की पाहणाऱ्याने लिहायचे राहून गेले, हे कळण्यास मार्ग उरत नाही.